आहेराचे पडदे

दैवशालाच्या लोखंडी पेटीत गच्च साड्या भरलेल्या होत्या आणि त्यांतली एकही नेसण्याजोगी नव्हती. याचं ज्याला नवल वाटेल त्यानं तीर्थपुरीच्या बाजारात साडीच्या दुकानात एकदा उभं राहावं. दुकानदार गादीवरून पहिला प्रश्न हाच करतो, "नेसायची दाखवू का द्यायची?" द्यायची साडी वेगळी. ती भडक असते, घडी उलगडली की मांडीवरून सुळकन खाली जाते आणि पहिल्या धुण्यात बादलीभर पाणी रंगवते. ती कुणी नेसत नाही. लग्नात, बारशात, भूमिपूजनात ती या घरातून त्या घरात जाते, तिथं पेटीत पडते आणि वर्षभरानं तिसऱ्या घरी निघते. देणारी कुंकू लावते, घेणारी "कशाला एवढं" म्हणते. दोघींनाही ठाऊक असतं की ही नुसती तोंडदेखली रीत आहे. तरी कुणी कुणाला काय दिलं हे मात्र बायका मरेपर्यंत विसरत नाहीत.

दैवशाला ही मच्छिंद्रची बायको. मच्छिंद्रचं बसस्टँडजवळ मोटर वायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तो भरून द्यायचा. बावीस वर्षं त्यांचा संसार पत्र्याच्या दोन खोल्यांत झाला. बाहेरच्या खोलीच्या दारात सासूची, तुळजाबाईची बाज. आतल्या खोलीत चूल, पेट्या, धान्याच्या कोठ्या आणि उरलेल्या जागेत नवरा, बायको आणि मुलगी. मधल्या दाराला कडी नव्हती. कडीचा विषय निघाला की तुळजाबाई म्हणायची, "घरातल्या घरात कडी? चोर हायेत का आपन?" त्यामुळं साडी बदलायची ती कोठीआड, पदर दातांत धरून. न्हाणी अंगणात, तिला पत्र्याचं दार, दाराला एकच बिजागरी आणि बरोबर माणसाच्या उंचीवर एक भोक. एका हातानं दार धरायचं, दुसऱ्या हातानं अंगावर पाणी घ्यायचं. बावीस वर्षं त्या बाईनं साबण एका हातानं लावला. ऐकणाऱ्याला याचं हसू येतं. तिला कधी आलं नाही.

म्हणून स्लॅबचं घर बांधायचं ठरलं तेव्हा तिनं नवऱ्याकडं एकच गोष्ट मागितली. "उगवतीची खोली माही. आतून कडी पाहिजे. खोलीलाच लागून न्हाणीघर पाहिजे अन् खिडकीला पडदा पाहिजे. बाकीच्या घरात तुम्ही म्हशी बांधा." मच्छिंद्र तेव्हा सिमेंटवाल्याशी फोनवर बोलत होता. तो "हाव" म्हणाला. मच्छिंद्रच्या "हाव"ला फारसा अर्थ नसतो हे तिला माहीत असायला हवं होतं, पण माणूस ज्या गोष्टीला भुकेलेला असतो तिथं शहाणपण कमीच पडतं.

नवं घर जोत्यातून वर यायच्या आधीपासून ती मोबाइलवर दुसऱ्यांच्या खोल्या बघायची. तिची मुलगी शीतल जालन्याला नर्सिंग शिकत होती. तिनं आईला शिकवलं होतं, चित्र आवडलं की खालच्या खुणेवर बोट दाबायचं, मग ते जपून राहतं. दुपारी भांडी झाली की दैवशाला कोठीला पाठ टेकून बसायची. भिंतीला फिका पिस्ता रंग दिला की खोली मोठी दिसते. न्हाणीघरात खरबरीत फरशी घातली की पाय सरकत नाही. खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला धुरकट काच बसवली की उजेड येतो आणि माणूस दिसत नाही. पडद्याचा दांडा खिडकीच्या दोन्ही बाजूंनी वीतभर जास्त घ्यावा, म्हणजे कडेच्या फटीतून कुणाला डोकावता येत नाही. हे शेवटचं तिला सगळ्यांत आवडलं. जगात कुठंतरी फटीचासुद्धा विचार करणारी माणसं आहेत, याचंच तिला बरं वाटलं.

रंग मिळाला, फरशी मिळाली, धुरकट काचही मिळाली. पडद्याला मात्र मच्छिंद्र अडला. "पडद्याचा खर्चा कशाला? आपन काय पाप करून राह्यलो का घरात?"

तुळजाबाईनं बाजेवरूनच सूर लावला. "परदा लाव, मंग दाराला कुलूप घाल, अन् आत बसून एकटीच कोंबडं खा." तिचा खरा राग न्हाणीघरावर होता, कारण त्यातच संडासही होता. "घरात संडास! देवाच्या घरात! मी मेले तरी त्या भितीला टेकनार न्हाई." तिची बाज पत्र्याच्या घराच्या दारात होती तशी नव्या घराच्या ओसरीत लागणार होती. तिथून रस्ता दिसायचा. कोण कुणाच्या गाडीवर बसून गेलं, कुणाच्या पिशवीत काय होतं, हे बघणं हेच म्हातारीचं काम होतं आणि ते ती मन लावून करायची.

दैवशालानं वाद घातला नाही. मोबाइलवर कुणी हिंदी बोलणारी बाई जुन्या साड्यांचे पडदे शिवून दाखवत होती. ते तिनं पुन्हा पुन्हा पाहिलं आणि पेटी उघडली. मशीन तिच्याकडं होतीच. दुपारच्या दुपारी ती साड्या कापत गेली, चुण्या घालत गेली, वर कडक पट्टी शिवून तीत कड्या ठोकत गेली. फुलाफुलांच्या साड्या हॉलला, त्यांतून उजेड चांगला गाळून येतो. सगळ्यांत पातळ दोन न्हाणीघराच्या झरोक्याला, कारण शिंतोडे उडाले तरी त्या फडकवल्या की वाळतात. जाड काठाच्या दोन तिच्या खोलीला, मागून जुन्या धोतराचं अस्तर लावून. कापड हातात घेऊन, चोळून, उजेडात धरून तिनं कोणत्या खिडकीला काय हे ठरवलं. साडी कुणी दिली होती हे तिनं बघितलंच नाही. इथं ती चुकली, आणि असली चूक परक्या मुलखातल्या बाईला परवडली असती. तीर्थपुरीत परवडणारी नव्हती.

एकाच साडीचा मालक तिनं नीट बघितला होता. ती पोपटी होती, मरून काठाची. गेल्या साली भूमिपूजनाला नणंदेनं, कौसल्यानं, तिला आहेर केलेली. त्या दिवशी संध्याकाळी तिनं घडी मोडली तर पदरावर हळदीचा जुना डाग. आणि फॉल लावलेला, हिरव्या साडीला लाल दोऱ्यानं. तो दोरा दैवशालानं लगेच ओळखला. हिरवा दोरा संपला म्हणून लाल दोऱ्यानं तो फॉल तिनंच लावला होता. कौसल्याच्या डोहाळेजेवणाला, शेळीचं करडू विकून, "नेसायची दाखवा" असं दुकानदाराला ठणकावून सांगून घेतलेली साडी. कौसल्यानं ती ओटीपुरती अंगाला लावली, पेटीत टाकली, आणि कुणाची होती हे विसरून देणारीलाच परत आणून घातली. तेव्हा दैवशालानं तोंडात मिठाची गुळणी धरली. आता तिनं त्या साडीच्या चिंध्या केल्या, त्यांच्या वेण्या घातल्या, वेण्या गोल गोल शिवत नेल्या आणि एक जाडजूड पायपुसणं केलं. मरून काठ बरोबर कडेला आला. ते तिनं आपल्या खोलीच्या उंबऱ्यासाठी ठेवून दिलं. हे करताना तिला अजिबात वाईट वाटलं नाही. उलट फार दिवसांनी तिला नीट झोप लागली.

कौसल्या वास्तुशांतीच्या आठ दिवस आधीच येऊन धडकली. ती मच्छिंद्रहून थोरली. नवरा अंकुशनगरच्या कारखान्यात कामाला, त्यामुळं क्वार्टरमध्ये राहायची आणि बोलताना क्वार्टरला कधी विसरायची नाही. आल्या आल्या तिनं घर बघितलं. ओट्याची फरशी काळी काहून घेतली, देवघर लहान काहून केलं, जिना इकडं काहून फिरवला. उगवतीच्या खोलीत आल्यावर मात्र तिला नाव ठेवायला काही सापडलं नाही. तिनं भिंतीवरून हात फिरवला. न्हाणीघरातला फवारा सुरू करून बंद केला, पुन्हा सुरू केला. मग पलंगावर आडवी झाली आणि पंख्याकडं बघत म्हणाली, "भारी गार लागून राह्यलं गं हितं. आमच्या क्वार्टरला बी असंच न्हाणीघर हाय, पर खोलीला लागून न्हाई."

"उठा अक्का, गादीवरचा कागद काढायचाय अजून," दैवशाला म्हणाली.

"उठते ना. तुही खोली काय घेऊन चालले का मी?" कौसल्या हसली. नणंद हसली की भावजयीनं आधी आपली पेटी तपासावी, असं दैवशालाची आई म्हणायची. दैवशालानं त्या रात्री पेटी तपासली. चुकीचीच वस्तू तपासली म्हणायची.

कारण खरी वस्तू गेली ती दुसऱ्याच वाटेनं. लग्नात बहीण नवरानवरीचं दार अडवते, हे सगळीकडं आहे. मच्छिंद्रच्या घराण्यात नव्या घराचं दारही बहीण अडवते. भाऊ विचारतो काय पाहिजे, बहीण मागते, भाऊ देतो. भरल्या उंबऱ्यावर, चार लोकांच्या देखत दिलेला शब्द. घेणारीनं आपल्या तोंडानं परत केला तरच तो सुटतो. दैवशालाला हे माहीत होतं. तिनं चांदीची जोडवी आणि खरोखर नेसायची अशी एक साडी ताटात तयार ठेवली होती.

वास्तुशांतीच्या सकाळी मांडवात सगळी भावकी जमली. शीतलची परीक्षा होती, ती येऊ शकली नाही. दैवशालाच्या डोक्यावर पाण्यानं भरलेला कलश, शेजारी उपरण्याची गाठ मारलेला मच्छिंद्र. दारात हळदीच्या पाण्याची परात. कौसल्या चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून उभी राहिली.

"काय पाहिजे अक्का?" मच्छिंद्रनं शिकवल्यासारखं विचारलं.

"मला काय कमी हाय? मला काहीच नगं," कौसल्या मोठ्यानं म्हणाली, मागच्या रांगेला ऐकू जाईल अशी. "माह्या मायनं जिंदगीभर पत्र्यात काढली. तिला उगवतीची खोली दे. ती न्हाणीघराची. म्हातारीला सुखानं मरू दे, अन् मी आले की तिच्यापाशी निजन."

"मी आले की." सगळी मेख त्या तीन शब्दांत होती. पण लोकांनी फक्त "माह्या मायनं" ऐकलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. कुणीतरी म्हणालं, लेक असावी तर अशी. दैवशालाच्या डोक्यावर कलश होता. बोललं तर पाणी सांडतं, आणि वास्तूच्या दारात पाणी सांडणं अपशकुन. तिनं मान न हलवता नवऱ्याकडं डोळे वळवले. त्या डोळ्यांत जे होतं ते दगडाला कळलं असतं.

मच्छिंद्रनं समोर बघितलं, बाजूला बघितलं, लोकांकडं बघितलं. "दिली," तो म्हणाला.

दैवशाला हळदीच्या पाण्यात पाय बुडवून आत आली. कोऱ्या फरशीवर पिवळी पावलं उमटली. कलश देवापुढं ठेवून तिनं बराच वेळ डोकं टेकलं. बघणारीला वाटलं असेल, भक्तीनं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. बावीस वर्षं वाट बघायची आणि देणाऱ्यानं एक शब्द बोलून ती खोली वाटून टाकायची, तीही जिची तिला न विचारता. तुळजाबाई ओसरीत बाजेवर होती. तिचं दाराकडं लक्षच नव्हतं, यातलं अवाक्षर तिच्या कानात शिरलं नव्हतं. मांडवात कुणाच्या चपला नव्या आहेत ते ती बघत होती.

गुरुजी पूजा मांडेपर्यंत बायका घर बघायला सुटल्या. आणि तिथं दुसरा भडका उडाला.

पहिली शेजारची मीना. ती न्हाणीघरात शिरली ती तशीच बाहेर आली. "ही जांभळी साडी माही हाय! शीतलच्या न्हाणाला मी दिल्ती! संडासाला लावली माही साडी?"

मग काय, घरभर पळापळ. आपली साडी कुठं लागली हे शोधायला सगळ्या निघाल्या. जिची हॉलमध्ये सापडली तिनं मान वर केली. जिची मधल्या खोलीत, ती गप्प राहून दुसरीचं मोजू लागली. जिची स्वयंपाकघराच्या खिडकीला, तिनं विचारलं, "मंग आमी काय फोडनीचा धूर खायलाच का?" झरोक्याची दुसरी साडी मच्छिंद्रच्या चुलतीची निघाली, तिनं तिथंच जाहीर केलं की या घरात पाण्याचा थेंब घेणार नाही. कापडाचा गुण बघून लावलेले पडदे त्या बायकांनी मानाच्या उतरंडीसारखे वाचले. दैवशाला सांगायला गेली, "काकी, ती पातळ हाय, जल्दी वाळती म्हणून लावली." त्यानं आगीत तेल पडलं. "आयका! आमी पातळ साड्या देतो म्हनं!" आता खरं म्हणजे सगळ्याच पातळ देतात आणि सगळ्यांना ते माहीत असतं. पण ते भर मांडवात बोलायचं नसतं.

कौसल्याला याहून काय हवं होतं? ती कमरेवर हात देऊन मधोमध उभी राहिली. "आमच्या मच्छिंद्रनं हिला डोक्यावर बसवलं, त्याचं फळ. बाया मानानं आहेर देतात अन् ही त्यानं संडास झाकते. बरं झालं खोली काढून घेतली." मग तिला आठवलं. "अन् माही पोपटी कुठंय? भूमिपूजनाची?"

तिनं हॉल बघितला. मधली खोली बघितली. स्वयंपाकघर, झरोका, जिन्यावरची खिडकी, सगळीकडं जाऊन आली. उगवतीच्या खोलीत दोनदा गेली, दोनदा बाहेर आली, आणि जाता येता दारातल्या हळदीच्या पाण्यात भिजलेले पाय उंबऱ्यावर पुसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पोपटी साडी तिला काही सापडली नाही. "म्हंजे माह्या साडीला खिडकीत बी जागा न्हाई?" तिचा आवाज आता खरोखरच दुखावलेला होता. न्हाणीघरात सापडली असती तर बाईला बरं वाटलं असतं.

"यजमानीणबाई, जल्दी करा, मुहूर्त चाललाय," गुरुजींनी हाक मारली. दैवशालाचा भाऊ शिवाजी अंतरवाली सराटीहून माहेरची साडी घेऊन आला होता. तिथं तशी रीत आहे. पूजेला माहेरचं नेसूनच बसायचं. त्यानं पाटावर ठेवलेली साडी तिनं उचलली आणि बदलायला आत गेली. तिच्याकडं कुणी बघत नव्हतं. त्या घरात त्या घटकेला तिचं म्हणावं असं भावाशिवाय एकही माणूस नव्हतं.

उगवतीच्या खोलीत जाऊन तिनं दार लोटलं आणि कडी लावली. कडीचा नवा, कोरा आवाज झाला. मग दोन्ही पडदे ओढले. जाड काठ एकमेकांना भिडले. कडेला वीतभर जास्त घेतलेलं कापड भिंतीला चिकटून बसलं, कुठं फट राहिली नाही. खोलीत पिस्ता रंगाचा मऊ अंधार झाला. तिनं अंगावरची साडी सोडली आणि क्षणभर तशीच उभी राहिली. पदर दातांत नव्हता. एक हात दारावर नव्हता. दोन्ही हात मोकळे लोंबत होते आणि त्यांचं काय करायचं तेच तिला कळेना. तिला रडू फुटलं. ते दुःखाचं नव्हतं. ते रागाचं होतं, एवढीशी गोष्ट मिळायला बावीस वर्षं लागली याच्या रागाचं.

ती माहेरची साडी नेसली, सावकाश, एकेक निरी दोन्ही हातांनी घालून. तेवढ्यात बाहेरून कौसल्याचा आवाज आला. "उरक म्हनाव तिला. खोली खाली कर. पूजा झाली की मायची बाज आत टाकायचीय."

दैवशालानं पदर खोचला. दाराशी गेली. कडीवर हात ठेवला आणि काढून घेतला. परत येऊन पलंगावर बसली.

थोड्या वेळानं मच्छिंद्रनं दार वाजवलं. "झालं का गं?"

"झालं."

"मंग ये ना. गुरुजी थांबून राह्यले."

"न्हाई येत."

दाराबाहेर बायकांची गर्दी झाली. मांडवात बातमी पोचायला वेळ लागत नाही.

"काय खुळी झाली का तू? लोकं जमलेत," मच्छिंद्र दाराच्या फटीला तोंड लावून म्हणाला. "बायकूबिगर पूजा व्हती का?"

"तेच म्हणते मी," आतून आवाज आला. शांत, मोठा, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "दार तुमच्या बहिणीलाच अडवता येतं का? मी आतून अडवलंय. विचारा मला, काय पाहिजे."

कुणी तरी फिस्सकन हसलं. मच्छिंद्रच्या कपाळावर घाम आला. त्यानं आधी दरडावलं, मग समजावलं, मग आवाज खाली आणून "संध्याकाळी बघू" म्हणाला.

"तुमचं 'बघू' मी स्लॅबच्या दिवसापासून बघून राह्यले. खोली माही. तुम्ही मला दिल्ती. माहं दिलेलं तुम्ही दुसऱ्याला दिलं. आता अक्कानं तिच्या तोंडानं परत केली तरच कडी निघेल. न्हाई तर माह्या जागी सुपारी मांडा अन् बसा तिच्याशेजारी एकटे."

"आयला!" कौसल्या पुढं सरसावली आणि दारावर थाप मारली. ती त्या पायपुसण्यावरच उभी होती. "सासूची खोली खाती का गं? म्हाताऱ्या मानसाची? लोकांदेखत दिलेला शब्द हाय!"

या आरडाओरड्यानं तुळजाबाई उठून आली. एक तर तिचा सकाळपासून उपास होता, आणि पूजा झाल्याशिवाय पान वाढलं जाणार नव्हतं. "काय चाललंय? जेवायला कधी हाय?"

"तुह्यासाठीच भांडून राह्यले माय," कौसल्या म्हणाली. "ही खोली तुला घेतली. न्हाणीघराची. ती सोडंना."

म्हातारीनं लेकीकडं बघितलं. मग त्या दाराकडं बघितलं. "कोन म्हनलं मला खोली पाहिजे?"

"अगं, मी मागितली. दारात."

"मला इचारलं व्हतं का?" तुळजाबाईचा आवाज चढला. तो एकदा चढला की उतरत नसे. "संडासाच्या भितीला डोकं लावून निजू का मी? मेल्यावानी परदे लावून? वसरीत माही बाज हाय, येनारा जानारा दिसतो. कोंडून मारता का मला? तुला आराम पाहिजे तर तुह्या नावानं माग. माह्या नावानं कशाला मागती?"

सकाळी डोळ्यांना पदर लावणाऱ्या बायकांनी आता पदर तोंडाला लावले. कौसल्याचं तोंड लाल झालं, मग काळं पडलं. न्हाणीघरातल्या साडीचं दुःख विसरून मीना पुढं आली होती. भांडण दुसऱ्याचं असलं की आपला अपमान जरा हलका होतो.

"बाई, परत करून टाका," गुरुजी म्हणाले. "मुहूर्ताची वेळ सरत आली."

"मी मरायला आले नव्हते इथं," कौसल्या दात खाऊन म्हणाली. "घे गं बाई. परत केली. तुही खोली तुला लखलाभ."

"मोठ्यानं," आतून आवाज आला.

"परत केली म्हनलं ना!"

कडी वाजली. दार उघडलं. माहेरच्या साडीत दैवशाला उभी होती, मागं बंद पडद्यांचा मऊ अंधार. तिनं नवऱ्याकडं बघितलं नाही. सासूकडंही बघितलं नाही. म्हातारीनं तिची बाजू घेतली नव्हती, फक्त आपली बाज सांभाळली होती, हे तिला पक्कं माहीत होतं.

कौसल्या अजून वाटेत उभी होती. हरलेल्या माणसाला काहीतरी एक हातात लागतं. "जा आता पूजेला. पर एक सांग," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एवढा वेळ कधी नव्हता इतका खरा होता. "सगळ्यांच्या साड्या लावल्या. माहीच कुठं टाकली? एवढी भारी पोपटी साडी दिल्ती मी तुला."

दैवशालानं तिच्या तोंडाकडं बघितलं. मग खाली, तिच्या हळदीनं पिवळ्या झालेल्या पायांकडं बघितलं. एवढ्यावर थांबता आलं असतं. खोली मिळाली होती, जग जिंकल्यासारखं होतं, आणि वडीलधाऱ्या बाईला माफ करून पुण्य जोडायचा तो मुहूर्तही होता. दैवशालाला ते पुण्य नको होतं.

"तुम्ही दिलेली न्हाई अक्का ती. मीच तुम्हाला दिल्ती, डोहाळेजेवणाला. लाल दोऱ्यानं फॉल लावून," ती म्हणाली. "पाय पुसा अन् आत या. सापडल."

ती बाजूनं निघाली. कौसल्या काही न कळून उंबऱ्यावर उभी राहिली, आणि नव्या फरशीवर डाग पडू नयेत म्हणून तिनं सवयीनं पाय पुसले, आधी उजवा, मग डावा, चांगले घासून. डावा घासताना तिची नजर खाली गेली. पोपटी वेण्या, मरून काठ, आणि एका वेणीतून बाहेर आलेला लाल दोरा.

तोवर दैवशाला पाटावर जाऊन बसली होती, आणि गुरुजींनी तिच्या हातावर पळीभर पाणी घातलं होतं.